चिंतामणी, आणखी एक बुडी

माझ्या सासुरवाडीत दोन सख्ख्या भावांमध्ये नऊ वर्षं अबोला होता. कारण जमीन नव्हतं, घर नव्हतं, बायका तर मुळीच नव्हत्या. कारण होतं चिंतामणी रंग.

चिंतामणी म्हणजे निळ्या आणि जांभळ्याच्या मधला एक रंग, असं मी लग्नानंतर शिकलो. (मी पुण्याचा. मला एकूण सात रंग माहीत होते आणि त्यात माझं उत्तम चाललं होतं.) शहाण्णव साली कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगलोरला आलो आणि वर्षभरात शैलाशी लग्न केलं. तिच्या घरचे लोक पिढ्यानपिढ्या इथे रेशीम रंगवणारे मराठी रंगारी. माझे सासरे, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, आणि त्यांचे थोरले बंधू असे दोघं मिळून यशवंतपूरला रेशमाच्या लडी रंगवायचे. थोरल्यांना घरात दोड्डप्पा म्हणतात, म्हणजे कानडीत मोठे काका.

एक दिवस एका व्यापाऱ्याच्या लडी हंड्यात होत्या. अण्णा म्हणाले, "झाला रंग, काढा." दोड्डप्पा म्हणाले, "आणखी एक बुडी." अण्णा म्हणाले, "बास." दोड्डप्पा म्हणाले, "स्वल्प थांब की!" हा वाद अर्धा तास चालला आणि तेवढा वेळ लडी हंड्यातच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. 'तू बोलत बसलास म्हणून' असं दोघंही एकमेकांना म्हणाले, आणि त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत. दोड्डप्पांनी होसकोट्याला स्वतःचं दुकान थाटलं. अण्णा यशवंतपूरलाच राहिले.

नव्याण्णव साली माझी मेहुणी विद्या हिचं लग्न ठरलं. साखरपुडा घरीच करायचा होता. त्याच्या चार दिवस आधी होसकोट्याहून एक पुडकं आलं. आत विद्यासाठी साडी होती. दोड्डप्पांनी स्वतःच्या हातानं रेशीम रंगवून विणून घेतलेली, आणि रंग होता चिंतामणी!

घरात सगळे हातातली कामं सोडून उभे राहिले. अण्णांनी साडी उचलली आणि उंबरठ्यावर गेले. (रंगारी माणूस रंग घरात बघत नाही, दारात उन्हाला धरून बघतो.) त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पदर डोळ्याजवळ नेला. पाच मिनिटांनी म्हणाले, "सरी."

सरी म्हणजे ठीक आहे. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, डोळ्यांना पदर लावला. शैला माझ्या कानात म्हणाली, "आमच्या अण्णांनी माफी मागितली रे!" मला तर फक्त 'सरी' ऐकू आलं होतं. निरोप गेला, आणि साखरपुड्याला येतो म्हणून दोड्डप्पांचाही निरोप आला.

आता या सगळ्यात मी मध्ये पडायचं काहीच कारण नव्हतं. पण अण्णा म्हणाले, "कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला सांगून येतो," आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला.

"फोटोग्राफर कशाला अण्णा? आमच्या ऑफिसात डिजिटल कॅमेरा आलाय. रोल नाही, धुणं नाही, काही नाही!"

"रोल नाही तर फोटो कशावर येतो?"

"एका चकतीवर."

अण्णांनी शैलाकडे बघितलं. शैलानं माझ्याकडे बघितलं. स्टुडिओवाल्याला नको म्हणून सांगण्यात आलं.

कॅमेरा आमच्या ऑफिसातल्या राघवेंद्रच्या ताब्यात असायचा. तो कुलूपबंद कपाटात ठेवायचा आणि किल्ली जानव्याला बांधायचा. दोन दिवस विनवण्या केल्यावर त्यानं कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि ऑफिसातल्या हिंदीत उपदेश केला.

"रॉ में निकालो. कैमरा अपनी अकल नहीं लगाता, जो दिखा वो कच्चा भर के रखता है. कलर बाद में कंप्यूटर पे डालो, जैसा चाहिए वैसा. सब तुम्हारे हाथ में."

सगळं माझ्या हातात, हे ऐकून मी खरं तर तिथेच घाबरायला हवं होतं. उलट मी खूश झालो.

साखरपुड्याच्या दिवशी मी तो अवजड कॅमेरा गळ्यात घालून सकाळपासून घरात फिरत होतो. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा बराच वेळ विचार करायचा आणि त्याचा लाल दिवा लुकलुकायचा. तो विझेपर्यंत हलायचं नाही, असा माझा समज होता. त्यामुळे मी ओरडायचो, "हलू नका!" आणि अख्खा हॉल ओठांपाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून बसायचा. (फोटो निघाल्यावर हललं तरी चालतं, हे मला नंतर राघवेंद्रनं सांगितलं.) नवऱ्या मुलाचे एक आजोबा शिंक दाबून बसले होते, ते पुढे दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सगळ्यांना मी समजावून सांगत होतो. "हा कच्चा फोटो आहे. याला रंग आपण नंतर द्यायचा. आपल्याला हवा तसा!"

"हवा तसा?" एका आत्याबाईंनी विचारलं. "मग मला गोरी करा की."

"करतो!"

हे मी किमान आठ जणांना सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं. ते लक्षात ठेवा, कारण इतर सर्वांनी ते लक्षात ठेवलं.

कच्चे फोटो जागा फार खातात. चकतीवर तेरा मावत होते. पैकी चार होळगीच्या, म्हणजे पुरणपोळीच्या, ताटाचे निघाले, तीन आत्याबाईंचे, दोन दारातल्या रांगोळीचे, एक माझ्या अंगठ्याचा आणि दोन विद्याचे. उरला एक. आणि तेव्हा होसकोट्याच्या बसनं दोड्डप्पा आले.

विद्या चिंतामणी साडी नेसून पाटावर बसली होती. पुढ्यात ताटात साखरेची रास होती. दोड्डप्पा आत आले, काही न बोलता तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले. अण्णा काही न बोलता डाव्या बाजूला उभे राहिले. दोघांच्या अंगात पांढरेशुभ्र शर्ट, पांढरीशुभ्र धोतरं. एकमेकांकडे बघणं नाही, पण एका चौकटीत उभे होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा! मी कॅमेरा उचलला.

"हलू नका!"

कुणी हललं नाही. लाल दिवा विझला.

निघताना दोड्डप्पा माझ्याजवळ आले. "जावईबापू, साडीचा रंग बरोब्बर आला पायजे. होसकोट्याला दुकानात लावतो. आमच्या दोघांचा फोटो हाय."

"काळजीच करू नका!" मी म्हणालो.

सोमवारी ऑफिसात तो फोटो उघडला. दोन मिनिटं लागली, आणि जे उघडलं ते बघून मी राघवेंद्रला हाक मारली. सगळं मरगळलेलं. माणसं राखाडी, भिंत राखाडी, साडी धुवून धुवून विटलेल्या पडद्याच्या रंगाची. राघवेंद्र म्हणाला, "कच्चा है ना. वो ड्रॉपर लो, फोटो में जो चीज़ सफ़ेद है उस पे क्लिक करो. बाकी सब कलर अपने आप ठीक."

किती सोपं! फोटोत पांढरं काय आहे? अण्णांचा शर्ट. माझ्या आयुष्यात मी त्याहून पांढरी वस्तू पाहिली नव्हती. त्यावर टिचकी मारली.

चित्र बदललं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पिवळसर झळाळी आली. मला ती हळदीचं तेज वाटली. साडीही उजळली. तिच्यात एक तांबूस भारदस्तपणा आला. हाच चिंतामणी असणार, मी म्हटलं. (माझ्या सात रंगांच्या यादीत तो बसत नव्हता, त्याअर्थी बरोबरच असणार.) ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर मोठा फोटो काढला, फ्रेम करून घेतला आणि वर्तमानपत्रात घट्ट बांधला. थोरल्या घरी आधी उघडायचा, म्हणून शैलालाही दाखवला नाही. रविवारी आम्ही दोघं बसनं होसकोट्याला गेलो.

दोड्डप्पांनी कागद सोडला. फ्रेम हातात घेऊन उंबरठ्यावर गेले. उन्हात तिरकी केली, सरळ केली. मी कौतुकाची वाट बघत पेढा खात होतो.

"जावईबापू, हा रंग कुठला?"

"चिंतामणी."

"हा वांगी हाय."

शैलानं उठून फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"तुम्हीच सगळ्यांना सांगत होता न्हवं," दोड्डप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "रंग नंतर हवा तसा देता येतो म्हणून?"

"हो, म्हणजे..."

"मग हा रंग कुणाला हवा होता?"

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. माझ्या मूर्खपणाचा असाही अर्थ निघू शकतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"साडीला तोंडावर सरी म्हणाला आमचा भाऊ. आन् जावयाकडून रंग बिघडवून धाडला. म्हणजे मी माझीच चूक माझ्या भिंतीवर लावायची!" त्यांनी फ्रेम माझ्या हातात परत दिली. "लग्नाला आमची वाट बघू नका."

"दोड्डप्पा, अण्णांनी हा बघितलासुद्धा नाही!" शैला म्हणाली.

"बेडा, नको, शैला. आता बोलू नको."

लग्नाला बारा दिवस उरले होते. परतीच्या बसमध्ये शैला के. आर. पुरमपर्यंत ती फ्रेम पुन्हा पुन्हा कागदातून काढून बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मनापासून लाज वाटत होती. नऊ वर्षांनी जुळलेलं मी एका टिचकीत मोडलं होतं. के. आर. पुरमला बस थांबली तेव्हा ती म्हणाली, "तो कच्चा फोटो अजून आहे का? रंग न दिलेला?"

"आहे. त्याला काही होत नाही."

"मग तो दाखव त्यांना. दोघांनाही. कोरं सूत बघितलं की रंगारी गप्प बसतो."

त्या रात्री तिनं दोन फोन केले. अण्णांना सांगितलं, दोड्डप्पांनी फोटो बघायला यांच्या ऑफिसात बोलावलंय. दोड्डप्पांना सांगितलं, अण्णांनी बोलावलंय. (हिच्याशी आपलं लग्न झालंय, या विचारानं मला थोडी धडकी भरली.)

शनिवारी सकाळी दोघंही आमच्या ऑफिसात हजर. दोन धोतरं, दोन काळ्या टोप्या, काखेत दोन छत्र्या. दोघंही एकमेकांनी बोलवायची वाट बघत दारात उभे होते.

राघवेंद्र घाबरून म्हणाला, "ये कौन हैं?"

"क्लायंट," मी म्हणालो.

मी मध्ये बसलो. दोन्ही बाजूंना फिरत्या खुर्च्यांवर दोघं बंधू. फिरती खुर्ची अण्णांना नवीन होती. ती त्यांचं तोंड सारखं भावाकडे वळवत होती, आणि ते पाय रोवून परत सरळ होत होते.

"जावईबापू, त्यांना सांगा, जरा सरकून बसा," अण्णा म्हणाले.

"बापू, त्यांना सांगा, खुर्ची माझी न्हवं, ऑफिसची हाय," दोड्डप्पा म्हणाले.

मी घाईघाईनं फोटो उघडला. दोन मिनिटं कॉम्प्युटर घरघरला. मग ते राखाडी, मरगळलेलं चित्र पडद्यावर आलं. मला वाटलं, आता दोघंही उठून जाणार. पण दोघंही पुढे वाकले.

"कोरंच हाय की," अण्णा म्हणाले.

"कोरं. हात लावलेला न्हाई," दोड्डप्पा म्हणाले.

मला जे समजायला राघवेंद्रची दोन व्याख्यानं लागली होती, ते त्यांना एका नजरेत समजलं.

"आता काय केलात ते करून दाखवा," दोड्डप्पा म्हणाले. "आमच्या समोर."

मी ड्रॉपर उचलला. "फोटोतली पांढरी वस्तू दाखवायची. मग तो बाकीचे रंग लावतो. मी इथे दाखवलं." आणि अण्णांच्या शर्टावर टिचकी मारली. सगळे पिवळे झाले, साडी वांगी झाली.

अण्णांनी पडद्यातल्या शर्टाकडे बघितलं, मग अंगातल्या शर्टाकडे बघितलं. दोड्डप्पांनीही आधी हा, मग तो बघितला. मग दोड्डप्पांच्या मिशा हलायला लागल्या.

"अक्का अजून कपड्यांना तेवढीच नीळ घालते?"

"मूठभर!" अण्णा म्हणाले. "वैनीनंच शिकवली न्हवं!"

"अय्यो देवा! बापूंनी निळ्याला पांढरं म्हणून सांगितलं!"

"मग मशीन काय करणार? सगळ्यातनं निळा काढून टाकला त्यानं!"

"साडीतला पण!"

आणि ते दोघं हसायला लागले. खुर्च्या गरागरा फिरायला लागल्या. दोड्डप्पांनी अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारली. राघवेंद्र काचेच्या दारामागून बघत होता. आपले क्लायंट कधी असे का हसत नाहीत, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मीही हसलो. पण मी हसल्यावर ते दोघं माझ्याकडे बघून आणखी हसले, म्हणून थांबलो.

"मग पांढरं काय घेऊ?" मी विचारलं. "भिंत?"

"चुन्यात पण नीळ असते," अण्णा म्हणाले.

"मागच्या तसबिरीवरच्या वस्त्रमाळेचा कापूस?"

"पिवळट असतो," दोड्डप्पा म्हणाले.

"साखर!" दोघंही एकदम म्हणाले.

विद्यापुढच्या ताटातल्या राशीवर मी टिचकी मारली. आणि पडद्यावर साडी जिवंत झाली. त्या वेळी मलाही कळलं, की चिंतामणी म्हणजे काय! माझ्या यादीत आठव्या रंगाची भर पडली.

"हाच," दोड्डप्पा हळूच म्हणाले. मग पुढे झुकले. "फक्त आणखी एक बुडी."

मी माऊस दोन्ही हातांनी झाकला.

"बास हाय," अण्णा म्हणाले.

"स्वल्प. हे बटण असं सरकवायचं न्हवं बापू?"

"नको! काढा बाहेर!"

"सरकवा बापू!"

"अहो, काही बिघडत नाही!" मी ओरडलोच. "कितीही बुड्या द्या! कच्ची फाइल तशीच राहते. नाही आवडलं तर पुन्हा कोऱ्यापासून सुरू करायचं!"

अण्णांनी माझ्याकडे अविश्वासानं बघितलं.

"कितीही वेळा?"

"कितीही."

"आमच्या लडींना ही सोय न्हवती," दोड्डप्पा म्हणाले.

अण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी बोलत बसायला नको होतं. सरळ लडी काढायच्या."

"मी काढू दिल्या असत्या होय?" दोड्डप्पा म्हणाले. "मी पण तसलाच."

मी उगीचच माऊस पुसत बसलो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. एक म्हणायचे गडद, दुसरे म्हणायचे फिका. शेवटी दोन फोटो छापले. एक अण्णांच्या चिंतामणीचा, एक दोड्डप्पांच्या. मला तर त्या दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोड्डप्पा लग्नाला आले, आदल्या दिवशीच आले, आणि मांडवाच्या कापडाच्या रंगाला नावं ठेवत अण्णांबरोबर गावभर फिरले. फोटोला कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला होता, रोलवाला. मला गळ्यात काहीही अडकवायची बंदी होती.

जेवणाच्या आधी दोघा भावांनी मिळून मला आहेर दिला. उघडला तर पांढराशुभ्र शर्ट.

"पुढच्या वेळेला पांढरं म्हणून यावर टिचकी मारा," दोड्डप्पा म्हणाले.

"धुवायच्या आधी," अण्णा म्हणाले.

सगळा मांडव हसला. मी तो शर्ट तिथेच अंगात घातला आणि ऐटीत पंगतीला बसलो. पहिल्याच वाढपाला वाढप्याच्या हातून सांबार माझ्या छातीवर सांडलं. समोरच बसलेले अण्णा उठून आले आणि डागावर वाकले.

"हळदी."

"केशरी," त्यांच्या मागोमाग आलेले दोड्डप्पा म्हणाले.

"हळदी हाय! नीट बघ!"

"बापू, जरा उजेडात चला."

एकानं डावी बाही धरली, एकानं उजवी. मला भरल्या पानावरून उठवून मांडवाच्या दारात उन्हाला उभं केलं आणि दोघं शर्ट ताणून, तिरका करून, उलटासुलटा बघायला लागले. नेमका तेव्हाच स्टुडिओवाल्यानं फोटो काढला. विद्याच्या लग्नाचा तो एकच फोटो सगळ्या घराला मनापासून आवडतो. त्यात रंग अगदी बरोब्बर आलेत, असं दोघा भावांचं एकमत आहे.